साठा जुळत का नाही? गोडाऊनबद्दल वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

कोल्हापूर परिसरात शिरोलीपासून मार्केट यार्डापर्यंत गोडाऊन सांभाळणाऱ्या वाचकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकाच विषयावर आलेली पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : आमचं मशीन शॉप शिरोली एमआयडीसीत आहे. स्टोअरमध्ये साधारण १,२०० आयटम आहेत. दर ३१ मार्चला प्रत्यक्ष मोजणी आणि टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) यांत फरक निघतो, काही आयटम कमी तर काही जास्त. रुपयांत एकूण फरक किरकोळ असतो, म्हणून मालक सोडून द्या म्हणतात. सोडावं का?

सोडू नका. तूट आणि वाढ एकमेकांत वजा करून आलेला किरकोळ आकडा काहीच सांगत नाही. ६२०५ झेडझेड बेअरिंग ४० नग कमी आणि ६२०५ टूआरएस ३८ नग जास्त असतील तर रुपयांत फरक जवळजवळ शून्य दिसेल. दोन्हींचं माप एकच, आतला व्यास २५, बाहेरचा ५२, जाडी १५ मिलिमीटर. पण एकाला पत्र्याचं झाकण असतं आणि दुसऱ्याला रबरी सील. जिथे कूलंट उडतो तिथे झेडझेड बसलं तर ते बेअरिंग लवकर जातं. म्हणजे तुमच्या स्टोअरमधून महिनोन् महिने चुकीचं बेअरिंग लाइनवर जातंय आणि ताळेबंद मात्र सगळं ठीक म्हणतोय.

आधी फरकाची यादी दोन रकान्यांत मांडा, तूट एकीकडे आणि वाढ दुसरीकडे. मग जोड्या शोधा. एकाच मापाचे, वेगळ्या शेपटीचे नंबर बहुतेक वेळा समोरासमोर येतात. त्यानंतर पॅकिंग बघा. फरक बरोबर ९, १९ किंवा ४९ चा असेल तर कोणीतरी १०, २० किंवा ५० नगांचा बॉक्स हा एक नग धरलाय, किंवा नगाला बॉक्स धरलंय. खरेदी ड्रमात आणि इश्यू किलोत, खरेदी किलोत आणि इश्यू लिटरमध्ये, असे आयटम वेगळे काढून प्रत्येकाचं एकच एकक ठरवा आणि ते बिन कार्डावर (कप्प्याला लावलेल्या नोंदीच्या कार्डावर) ठळक लिहा. फरकाला ९ ने भाग जात असेल तर आकडा उलटा लिहिला गेलाय का ते तपासा : ३६ चे ६३ झाले की फरक २७ येतो. जुने मुनीम ताळा जमेना की हेच आधी बघत.

हे सगळं करून जे फरक उरतील त्यांचं मूळ बहुधा एकाच ठिकाणी सापडतं. माल हलतो तेव्हा कागद हलत नाही. रात्रपाळीत "स्लिप सकाळी देतो" म्हणून इन्सर्टची (कटिंग टूलच्या बदलत्या टोकांची) डबी जाते आणि सकाळी ती कोणाच्याच लक्षात नसते. रात्रपाळीसाठी छापील नंबर असलेलं वेगळं इश्यू बुक ठेवा. सुपरवायझरची सही झाल्याशिवाय कपाट उघडायचं नाही, आणि सकाळी नऊच्या आत त्या नोंदी टॅलीत जायलाच हव्यात. बुकातला एखादा नंबर गायब असेल तर त्याच दिवशी विचारा, आठवड्यानंतर कोणीही सांगू शकत नाही. रोज संध्याकाळी उणे साठ्याची यादीही काढा. साठा उणे दिसतो याचा अर्थ जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) व्हायच्या आधीच माल वापरला गेला, किंवा तो दुसऱ्याच आयटमवर जमा झाला.

मोजणी वर्षातून एकदा करण्यापेक्षा रोज थोडी करावी. तुमच्या १,२०० आयटमपैकी किमतीने जड असे १२० आयटम महिन्यातून एकदा, मधले ३०० तीन महिन्यांतून एकदा आणि उरलेले ७८० सहा महिन्यांतून एकदा मोजायचे म्हटलं, तर महिन्याला २५ कामाचे दिवस धरून रोजचे १४ आयटम होतात. दोघांचं तास-दीड तासाचं काम आहे. मोजणाऱ्याच्या हातातल्या यादीत पुस्तकी आकडा नको. आकडा समोर असला की डोळा तोच शोधतो. रजिस्टर ठेवणाऱ्याने मोजायचं नाही. फरक आला तर दुसऱ्या माणसाने पुन्हा मोजावं, त्या आयटमच्या शेवटच्या दहा नोंदी बिलं-स्लिपांशी पडताळाव्या आणि त्यानंतरच आकडा दुरुस्त करावा. कारण न शोधता आकडा जुळवला तर तोच फरक पुढच्या महिन्यात परत येतो. अचूकता रुपयांवर काढू नका, जागांवर काढा : १४ पैकी १३ जुळले तर ९२.९ टक्के. किमती आयटमसाठी ९८ च्या खाली समाधान मानू नये.

मार्चअखेरच्या मोजणीत सर्वांत जास्त घोळ मोजण्यात होत नाही, कुठे थांबायचं हे न ठरवल्यामुळे होतो. मोजणी सुरू करण्यापूर्वी शेवटचा जीआरएन नंबर, शेवटची इश्यू स्लिप आणि शेवटचं चलन एका कागदावर लिहून त्यावर सह्या घ्या. बिल झालंय पण गाडी न आल्याने पडून आहे तो माल दोरी लावून बाजूला काढा. फाटकावर उभी असलेली, जीआरएन न झालेली गाडी मोजणीत धरायची नाही. मोजून झालेल्या प्रत्येक बिनला रंगीत चिठ्ठी लावा.

आणि मालकांना हेही दाखवा : जीएसटीच्या नियम ५६ प्रमाणे, कंपोझिशन योजनेत नसलेल्या व्यापाऱ्याने आरंभीचा साठा, आवक, जावक, हरवलेला, चोरीस गेलेला, नष्ट झालेला, निर्लेखित केलेला माल आणि शिल्लक अशा नोंदी ठेवायच्या असतात. स्क्रॅपही त्यात आलं. कलम १७(५) प्रमाणे हरवलेल्या किंवा निर्लेखित मालावरचं इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही, घेतलं असेल तर परत करावं लागतं. वाढीत तूट वजा करून ती झाकली तर हा हिशेबही चुकतो.

प्रश्न : गोकुळ शिरगावात आमची छोटी फाउंड्री आहे. कास्टिंग (ओतीव भाग) वजनावर मोजून मशीनिंगला पाठवतो, परत येताना नगांवर येतात. दर वेळी ८-१० नगांचा वाद होतो.

वाद तुमच्या मोजण्याच्या पद्धतीतच आहे. कास्टिंगचं वजन ८.४ किलो धरा. मोल्ड थोडा फुगला, पार्टिंग लाइनला (साच्याच्या जोडावर) फिन, म्हणजे पातळ कड, राहिली किंवा फेटलिंग (घासून साफ करणं) कमी-जास्त झालं की वजनात दोन टक्के फरक सहज पडतो. ५०० नग म्हणजे ४,२०० किलो, त्याचे दोन टक्के ८४ किलो, म्हणजेच १० नग. तुमचा वाद बरोबर तेवढ्याचाच आहे.

वजन भाड्यासाठी आणि बिलासाठी घ्या, मोजणी मात्र मांडणीवर करा. एका पॅलेटवर एका थरात किती नग आणि किती थर हे पार्टनुसार ठरवून टाका, समजा ५ गुणिले ५ चे चार थर, १०० नग. मग पॅलेट मोजायचे आणि फक्त शेवटचा अर्धा पॅलेट हाताने मोजायचा. वजनाचा उपयोग ताळा म्हणून करा : १०० नगांच्या पॅलेटचं वजन नेहमीपेक्षा ८ किलोंनी कमी भरलं तर एक नग कमी आहे की काय ते बघावं लागेल.

परतीच्या चलनावर चार आकडे हवेत : चांगले नग, मशीनिंग रिजेक्शन, ब्लो होलसारख्या (आत राहिलेल्या हवेच्या पोकळीसारख्या) दोषामुळे कास्टिंग रिजेक्शन, आणि मशीनिंग न करता परत आलेले. चारांची बेरीज पाठवलेल्या नगांइतकी आलीच पाहिजे. बोरिंगचाही (मशीनिंगमध्ये निघणाऱ्या किसाचा) हिशेब मागा. कास्टिंग ८.४ आणि तयार नग ७.१ किलोचा असेल तर नगामागे १.३ किलो, ५०० नगांमागे ६५० किलो बोरिंग निघायला हवं. ओलं बोरिंग कूलंटमुळे जड भरतं, तेव्हा निथळून वजन करा.

जॉब वर्कला गेलेला कच्चा माल चलनाच्या तारखेपासून एका वर्षात परत यावा लागतो. नाहीतर तो पाठवला त्याच दिवशी विकला असं जीएसटी कायदा धरतो. म्हणून शिल्लक यादी पार्टीनुसार नको, चलनाच्या तारखेनुसार काढा आणि नऊ महिने उलटलेल्या चलनांवर लाल खूण करा. जुन्या चलनाचे २० नग पडून असताना नव्या चलनातले परत येत राहिले तर हिशेब वरून बरोबर दिसतो, पण ते जुने २० तसेच सडत राहतात. हीट कोड (नग कोणत्या ओतकामातला ते सांगणारा नंबर) बघून जुनी हीट आधी पुढे पाठवा. शॉट ब्लास्ट झालेल्या (छर्रे मारून साफ केलेल्या) उघड्या कास्टिंगवर जुलैच्या हवेत गंज चढायला वेळ लागत नाही, त्यामुळे जी थांबणार असतील त्यांना गंजरोधक तेल लावूनच थप्पीला घ्या.

प्रश्न : शाहू मार्केट यार्डात गुळाचं गोडाऊन आहे. तीस किलोचे रवे (गुळाच्या ढेपी) तीन-चार महिने ठेवले की वजन बदलतं. घट नैसर्गिक किती आणि गडबड किती, हे ओळखायचं कसं?

गूळ हवेतला ओलावा ओढतो आणि कोरड्या हवेत सोडतोही. त्यामुळे गुळाच्या रजिस्टरला नग आणि वजन असे दोन स्वतंत्र रकाने हवेत. नगात एकाचाही फरक चालणार नाही, वजनात चालेल. दोन्ही एकाच आकड्यात कोंबले की रवा गेला की पाणी गेलं, हे कळायला मार्ग राहत नाही.

घट किती मान्य करायची हे अंदाजाने ठरवू नका, मोजून ठरवा. लॉट आत येतानाच त्यातले १० रवे निवडा. थप्पीच्या कडेचे, मधले, वरचे, असे वेगवेगळ्या जागचे असू द्या. त्यांच्या कापडावर १ ते १० आकडे घाला आणि त्यांचं एकत्र वजन लिहून ठेवा. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला तेच रवे त्याच काट्यावर पुन्हा घाला. समजा ३०० किलोंचे २९८.२ झाले, म्हणजे ०.६ टक्के घट. लॉट ४०० रव्यांचा, १२,००० किलोंचा असेल तर ७२ किलो घट हवेने नेली असं म्हणता येईल. प्रत्यक्ष तूट १५० किलो असेल तर उरलेल्या ७८ किलोंचा जाब काट्याला, फुटलेल्या रव्यांना किंवा माणसांना विचारायला हवा.

सुरुवात काट्यापासून करा. रोज सकाळी काटा सपाट आहे का बघून २० किलोचं प्रमाणित वजन मधोमध आणि चारही कोपऱ्यांवर ठेवून पाहा. कोपऱ्याला वेगळा आकडा आला तर दुरुस्ती होईपर्यंत तोलाई बंद. इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन विभागाकडून दर १२ महिन्यांनी फेरपडताळणी होऊन शिक्का लागतो, त्याची तारीख काट्यावरच लिहून ठेवा. कापडाचं आणि गोणपाटाचं वजन आत येताना धरलं आणि बाहेर जाताना सोडलं तरी खोटी घट दिसते.

थप्पी लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दोन फूट सोडून. भिंतीला टेकलेला रवा पावसाळ्यात आधी पाझरतो आणि खालचे रवे दबले की कापडात चिकटून फुटतात, म्हणून गूळ मऊ पडू लागला की थप्पीची उंची कमी करा. रॉकेल, कीटकनाशक, मसाले त्याच खोलीत नकोत, गूळ वास धरतो. कोल्ड स्टोरेजमधून काढलेला रवा लगेच उघडला तर त्याला घाम सुटतो. तो बाहेरच्या हवेला येईपर्यंत गुंडाळलेलाच राहू द्या.

आधी आलेला आधी बाहेर, हा नियम गुळाला पुरत नाही. आठवड्याला थप्पीवर हात फिरवा आणि जो लॉट मऊ पडतोय तो आधी काढा, मग तो नंतर आलेला का असेना.

प्रश्न : कागल पंचतारांकित एमआयडीसीतल्या फाउंड्रीत रसायनांचं स्टोअर माझ्याकडे नुकतंच आलंय. फ्युरान रेझिन, ॲसिड कॅटॅलिस्ट, फेरो सिलिकॉन, थिनर, बेंटोनाइट सगळं एकाच शेडमध्ये आहे. सुरुवात कुठून करू?

रेझिन आणि ॲसिड वेगळे करण्यापासून, आणि तेही आजच. फ्युरान रेझिन आणि सल्फॉनिक ॲसिडचा कॅटॅलिस्ट वाळूत मिसळल्यावर शांतपणे काम करतात, पण एकमेकांत थेट ओतले गेले तर क्षणात उकळतात, धूर येतो, ड्रम फुटू शकतो. म्हणून मिक्सरमध्येही वाळूला आधी कॅटॅलिस्ट आणि मग रेझिन हा क्रम असतो. स्टोअरमध्ये दोघांच्या मध्ये भिंत हवी. ती उभी राहीपर्यंत शेडची दोन टोकं आणि दोन वेगळे बांध. ड्रमखालच्या ट्रेमध्ये सर्वांत मोठ्या ड्रमच्या ११० टक्के मावलं पाहिजे, २०० लिटरच्या ड्रमला २२० लिटर. पंप, नरसाळं, मग, बादली, सांडलेलं उचलायचं फावडं, सगळ्याचे दोन संच दोन रंगांत ठेवा. अपघात मोठा ड्रम पालथा होऊन कमी होतात आणि एकाचं नरसाळं दुसऱ्याला लावल्याने जास्त होतात.

फेरो सिलिकॉन निरुपद्रवी खडीसारखं दिसतं, पण ओलं झालं की त्यातून हायड्रोजन निघतो, आणि अशुद्धीमुळे फॉस्फिन, आर्सिनसारखे विषारी वायूही निघू शकतात. बंद शेडमध्ये ओल्या फेरो सिलिकॉनच्या पोत्यांजवळ लसणासारखा वास आला तर माणसं आधी बाहेर काढा. छप्पर गळतं त्या बाजूला ही पोती नकोत आणि खाली पॅलेट हवाच. आग लागली तर यावर पाणी मारायचं नाही, कोरडी वाळू टाकायची. बेंटोनाइट ओलाव्याने गोळा होतो, पण तिथे फक्त पैशाचं नुकसान आहे. जागा थोडी असेल तर कोरडी जागा फेरो सिलिकॉनला द्या.

थिनर आणि अल्कोहोलचं पेंट ओतताना ड्रम आणि भांडं तारेने जोडून अर्थिंग करा. ओतताना तयार होणाऱ्या स्थिर विजेची एक ठिणगी पुरते. त्या खोलीत साधा पंखा, मोबाइल चार्जर नको.

हिशेबाचा गोंधळ अर्ध्या ड्रमांत असतो. ड्रम आला की त्याच्या बाजूवर चार गोष्टी मार्करने मोठ्या लिहा : आल्याची तारीख, मुदत संपण्याची तारीख, रिकाम्या ड्रमचं वजन, भरलेल्याचं वजन. मोजणीच्या दिवशी ड्रम काट्यावर ठेवला की आत काय उरलंय ते वजाबाकीने निघतं, झाकण उघडून काठी घालायला नको. नवा ड्रम नेहमी मागून आत घ्या. तो पुढे लावला की जुना मुदत संपेपर्यंत मागेच राहतो, आणि मुदत गेलेल्या रेझिनचा कोअर (साच्यातला वाळूचा गाभा) ओतताना मोडतो. मुदत गेलेल्यांना वेगळा पिंजरा आणि कुलूप.

प्रश्न : रॅकला फोर्कलिफ्टचा धक्का लागून एक खांब वाकलाय. वापरावा का?

एक मीटर लांबीची सरळ पट्टी पोकळ बाजूला, वाकण सर्वांत जास्त असेल तिथे लावा. खांब बीमच्या (आडव्या दांड्याच्या) दिशेने वाकला असेल तर ५ मिलिमीटर आणि रॅकच्या मागे-पुढे, खोलीच्या दिशेने वाकला असेल तर ३ मिलिमीटरपर्यंत फट चालते. त्यापुढे दुप्पटीपर्यंत असेल तर तिथे नवा माल ठेवू नका आणि दुरुस्ती ठरवा. दुप्पटीच्या वर असेल तर दोन्ही बाजूंचे कप्पे लगेच रिकामे करा. ठोकून सरळ केलेला खांब पूर्वीचा भार घेत नाही, तो बदलावाच लागतो. प्रत्येक बीमच्या दोन्ही टोकांच्या सेफ्टी पिना जागेवर आहेत का तेही बघा. पिन नसेल तर पॅलेट उचलताना फोर्कलिफ्टचा काटा बीमला लागून बीमच वर निघतो.

रॅकवरच्या पाटीत २,००० किलो लिहिलं असेल तर ते एका लेव्हलचं, सारखं पसरलेलं वजन आहे. त्यात दोन पॅलेट असतील तर प्रत्येकी १,०००. आधी सांगितलेले ८.४ किलोचे १२० नग एका पॅलेटवर रचले की १,००८ होतात, आणि पॅलेटचं वजन वेगळंच. फोर्कलिफ्टची क्षमता तिच्या पाटीवर ठरावीक लोड सेंटरला (काट्याच्या मुळापासून भाराच्या मध्यापर्यंतच्या अंतराला), बहुतेक ५०० मिलिमीटरला दिलेली असते. लांब पेटी उचलली की ती घटते. चालताना काटे जमिनीपासून १५ ते २० सेंटिमीटर, मास्ट (काटे वर-खाली नेणारा खांब) मागे झुकलेला. उतारावर भरलेली गाडी रिव्हर्सनेच उतरवायची, म्हणजे भार कायम चढाच्या बाजूला राहतो.

प्रश्न : इचलकरंजीत सुताचं गोडाऊन आहे. बारकोड घेतला की स्टॉक जुळेल का?

सध्या चिठ्ठीवर लॉट नंबर लिहिला जात नसेल तर नाही. बारकोड चुकीची नोंद फक्त वेगाने करतो. आधी प्रत्येक लॉटला एक जागा, प्रत्येक जागेला नंबर आणि लॉट मिसळायचा नाही, हे तीन महिने कागदावर पाळून दाखवा. एकाच काउंटचे (सुताच्या जाडीचे) दोन लॉट मिसळले तर वजन जुळतं, पण कापडावर रंगल्यानंतर पट्टा दिसतो. सूतही हवेतला ओलावा धरतं आणि सुती सुताचा प्रमाण ओलावा ८.५ टक्के धरतात, त्यामुळे इथेही नग आणि वजन वेगवेगळे ठेवा.

प्रश्न : २०१९ आणि २०२१ च्या पुरात आमच्या शिरोलीच्या गोडाऊनमध्ये पाणी आलं. विम्याचे पैसे अपेक्षेपेक्षा खूप कमी मिळाले. या पावसाळ्याआधी काय करावं?

पैसे कमी का मिळाले ते बहुधा सरासरीच्या अटीत असेल. साठा १ कोटीचा, विमा ६० लाखांचा आणि नुकसान २० लाखांचं असेल, तर विमा कंपनी नुकसानाच्या ६० टक्के म्हणजे १२ लाख धरते. नुकसान विम्याच्या रकमेपेक्षा कमी होतं, हा युक्तिवाद तिथे चालत नाही. सीझनमध्ये साठा दुप्पट होत असेल तर विम्याची रक्कम सर्वाधिक साठ्यावर काढा किंवा दरमहा साठा कळवण्याची पॉलिसी घ्या. बँकेला दिलेलं स्टॉक स्टेटमेंट, टॅली आणि विमा यांत तीन वेगळे आकडे असतील तर सर्व्हेअर सर्वांत लहान आकडा उचलेल.

दोन्ही पुरांचं पाणी भिंतीवर कुठवर आलं होतं तिथे रंगाची पट्टी मारा. त्या पट्टीखाली पावसाळ्यात फक्त भिजून धुता येईल असा माल : कच्ची कास्टिंग, रिकाम्या बिन. बेअरिंग, इन्सर्ट, मोटारी, फेरो सिलिकॉन आणि कागद वर. मात्र जड माल वरच्या लेव्हलला नेताना रॅकची पाटी पाहा, घाईत चढवलेल्या वजनाने रॅक बसले तर पुराआधीच नुकसान होईल.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. ३९ ला काम सुरू करायचं, ४३ ची वाट पाहायची नाही, कारण शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं की गाडी मिळूनही उपयोग नसतो. ३९ ला नवी आवक थांबवा, शेवटचे जीआरएन-स्लिप नंबर नोंदवा, त्या दिवसाचा साठा अहवाल गोडाऊनबाहेर पाठवा आणि प्रत्येक रांगेचे फोटो काढा. अर्धे भरलेले आणि रिकामे ड्रम तरंगतात आणि दारं-रॅकवर आदळतात, ते एकत्र बांधा. रेझिन आणि ॲसिड बांधताना एकत्र येणार नाहीत याची खात्री करा. गॅस सिलिंडर साखळीने उभे बांधा, फोर्कलिफ्ट उंचावर, चार्जरची लाइन मुख्य स्विचमधून बंद.

पाणी उतरल्यावर विजेची तपासणी होईपर्यंत स्विच लावू नका. झाडू मारण्याआधी भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेसकट फोटो घ्या, सर्व्हेअर येईपर्यंत भिजलेलं काहीही विकू किंवा फेकू नका. फुगलेल्या पोत्यांची पुन्हा थप्पी लावू नका, ती घसरते. बाहेर काढलेल्या प्रत्येक पॅलेटला जुनी जागा, आयटम, नग आणि चांगला, धुण्यासारखा की बाद, एवढं लिहिलेलं टॅग तारेने बांधा. कागदी चिठ्ठी त्या चिखलात दोन दिवसही टिकत नाही, पत्र्याच्या तुकड्यावर ऑइल पेंटने लिहिलेला नंबर टिकतो.